उसन्या कपड्यांतला ससा

चंद्रावरचा ससा रिकामा बसलेला नाही, तो औषध कुटतो आहे. चिनी आज्या नातवंडांना पौर्णिमेचा चंद्र दाखवताना हे आवर्जून सांगतात. त्याच्यापुढे खल आहे, दोन्ही पंजांत बत्ता धरलेला आहे आणि वर सुगंधी फुलांच्या एका भल्यामोठ्या झाडाची सावली आहे. वू कांग नावाचा एक माणूस शिक्षा म्हणून त्या झाडावर कुऱ्हाड चालवत असतो. घाव बसला की खोड लगेच जुळून येतं, म्हणून त्याचं काम कधी संपत नाही. सशाचंही संपत नाही. एकाच्या कष्टातून काही निपजत नाही, दुसऱ्याच्या कष्टातून औषध निपजतं, एवढाच काय तो फरक.

या चांद्रमहालाची मालकीण छांग-अ. तिचा नवरा हौ यी हा मोठा तिरंदाज. आकाशात एकदम दहा सूर्य उगवून पृथ्वी होरपळू लागली, तेव्हा त्याने नऊ सूर्य बाणांनी पाडले. त्याला मिळालेलं अमरत्वाचं औषध छांग-अ प्यायली आणि हलकी होऊन थेट चंद्रावर गेली. का प्यायली याची उत्तरं निरनिराळी आहेत. कुणी म्हणतं लोभापायी, कुणी म्हणतं ते दुष्टाच्या हाती लागू नये म्हणून. तेव्हापासून त्या गारठलेल्या महालात तिला सोबत आहे ती या सशाची. त्याची कांती शुभ्र जेड रत्नासारखी, म्हणून त्याला यूतू म्हणतात, जेडचा ससा.

पेइचिंग शहरात या सशाची एक वेगळीच कथा सांगतात. ती अशी.

फार वर्षांपूर्वी पेइचिंगमध्ये साथ आली. घरटी एक तरी माणूस अंथरुणाला खिळलं. वैद्यांच्या पुड्या संपल्या, काढे संपले आणि मग वैद्यही आजारी पडले. फेरीवाल्यांच्या आरोळ्यांनी एरवी गजबजून जाणाऱ्या गल्ल्या मुक्या झाल्या. रात्री ऐकू येत ते फक्त नगारखान्यातून प्रहर मोजणारे ठोके.

अशातच आठव्या महिन्याची पौर्णिमा आली. हा शरद ऋतूच्या मध्यावरचा सण. या रात्री घराघरांत अंगणात पाट मांडायचा, त्यावर फळं आणि गोल चंद्रपोळ्या ठेवायच्या, चंद्राला धूप दाखवायचा, अशी रीत. छांग-अने त्या रात्री खाली पाहिलं, तर अंगणामागून अंगणं अंधारात बुडालेली. एकाही घरातून धुपाची रेघ वर येत नव्हती.

ती सशाजवळ गेली आणि म्हणाली, “इतकी वर्षं औषध कुटतो आहेस. कुणासाठी?”

ससा चपापला. “देवी, हे अमरत्वाचं औषध. देवांसाठी आहे.”

“देव आजारी पडत नाहीत,” छांग-अ म्हणाली. “खाली जा.”

सशाने झोळी भरली आणि तो पृथ्वीवर उतरला. माणसांत वावरायचं तर माणसाचं रूप हवं, म्हणून त्याने एका तरुण मुलीचं रूप घेतलं. रंग मात्र आपलाच ठेवला. अंगरखा पांढरा, पायातले जोडे पांढरे, केसांवरचा रुमालही पांढरा. स्वर्गात सगळे त्याच्या शुभ्रपणाचं कौतुक करत, आणि त्या शुभ्रपणाचा त्यालाही अभिमान होता.

पहिल्या घराचं दार त्याने वाजवलं. दाराच्या दोन्ही फळ्यांवर द्वारपाल देवांची चित्रं चिकटवलेली होती. एका म्हातारीने दार चार बोटं उघडलं, बाहेर उभी असलेली पांढरी आकृती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“आमच्या घरात अजून कुणी गेलेलं नाही,” ती म्हणाली. “सुतकाचे कपडे घालून तू माझ्या दारात कशाला आलीस?”

चीनमध्ये पांढरा हा शोकाचा रंग. घरात मृत्यू झाला की नातलग पांढरे कपडे घालतात. सशाने तोंड उघडायच्या आत दार लागलं आणि आतून अडसर पडला.

दुसऱ्या घरातून कुणीतरी त्याच्या पायांवर पाणी ओतलं, अशुभ धुऊन काढावं तसं. तिसऱ्या घरातल्या माणसाने निदान ऐकून तरी घेतलं. दार न उघडता त्याने विचारलं, “औषध आहे म्हणतेस?”

“आहे. एका पुडीत ताप उतरेल.”

“मग कपडे बदलून ये.”

“कपड्यांचा काय संबंध? औषध खरं आहे.”

“असेल खरं. पण माझी बायको चार दिवस ग्लानीत आहे. तिने डोळे उघडले आणि उशाशी तू दिसलीस, तर तिला वाटेल यमाचं बोलावणं आलं. तुझं औषध घशाखाली उतरण्याआधीच ती धसक्याने जाईल.”

ससा मागे फिरला आणि गल्लीच्या टोकाला एक देऊळ होतं त्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्याला राग आला होता. माझं औषध खरं, माझं मन स्वच्छ, माझा रंग असा, की देवांनीही हेवा करावा. ही अडाणी माणसं दारं लावून घेतात, त्यात माझा काय दोष? आपण होऊन मदतीला आलेल्याला कपडे बदल म्हणायचं? त्याने ठरवलं, उजाडेपर्यंत इथेच बसायचं. ज्याला गरज असेल तो येईल शोधत.

नगाऱ्यावर तिसऱ्या प्रहराचे ठोके पडले. ते विरतात न विरतात तोच पहिल्या घरातून रडण्याचा आवाज आला. आधी एका बाईचा, मग एका लहान मुलाचा.

ससा उठून उभा राहिला. औषध झोळीत होतं. रोगी पन्नास पावलांवर होता. मध्ये आड आले होते ते त्याचे कपडे, दुसरं काही नाही.

त्याने गल्लीवरून नजर फिरवली आणि मघाशी दिसूनही न पाहिलेली गोष्ट आता पाहिली. प्रत्येक दारावर तेच दोन द्वारपाल होते. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चिलखत, हातात शस्त्र. या घरांचा विश्वास कशावर आहे, ते दारांवरच रंगवून ठेवलेलं होतं. वाचण्याचे कष्ट त्याने घेतले नव्हते, इतकंच.

तो देवळात शिरला. आत रक्षक देवाच्या मूर्तीला खरंखुरं चिलखत चढवलेलं होतं. सशाने मूर्तीपुढे डोकं टेकलं आणि म्हणाला, “महाराज, उसनं द्या. काम झालं की आणून देतो.” चिलखत त्याला ढगळ झालं. शिरस्त्राणात कान मावेनात, तेव्हा ते त्याने कसेबसे दुमडून आत कोंबले.

तो पुन्हा पहिल्या दारापाशी गेला. दार उघडून म्हातारी बघतच राहिली. एकदा त्याच्याकडे, एकदा दारावरच्या चित्राकडे.

“तुम्ही... हे दारावरचे?”

“दारावरचा नाही, आजी. पण काम तेच आहे.”

ती बाजूला झाली. आतल्या खोलीत भिंतीला लागून विटांचा रुंद ओटा होता, उत्तर चीनच्या घरांत असतो तसा. खालच्या पोकळीत जाळ केला की वर झोपणाऱ्याला ऊब मिळते. त्या ओट्याच्या एका टोकाला म्हातारीची सून चादरीखाली निपचित होती. तिला आता औषधाची गरज राहिली नव्हती. दुसऱ्या टोकाला पाच-सहा वर्षांचा नातू तापाने फणफणत होता, ओठ सुकून सालपटं निघालेली.

सशाने पुडी सोडली. चिमूटभर चूर्ण कोमट पाण्यात कालवून त्याने पोराच्या ओठांना लावलं, पोराने जीभ फिरवली तेव्हा आणखी थोडं दिलं. चमच्याने घशात ओतायची घाई केली नाही. खाली वाकताना शिरस्त्राण सरकलं आणि एक लांब कान बाहेर आला. पोराने अर्धवट डोळे उघडले, त्या कानाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. पहाटे त्याला घाम फुटला, ताप उतरला.

म्हातारीने पेटीतून चांदीचं कडं काढलं. सशाने हात मागे घेतला.

“काहीतरी घ्यायलाच हवं,” ती म्हणाली. “फुकटचं औषध गुण देत नाही.”

“मग मला कपडे द्या, आजी. उसने. शेजारच्या घरात नुसत्या बायका आहेत. अशा अवेळी शिपायाला त्या घरात घेणार नाहीत.”

म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने खुंटीवरचा निळा अंगरखा काढला. सुनेचाच होता, कोपरापाशी सुबक ठिगळ लावलेलं. घडी करून तिने तो सशाच्या हातात दिला.

तो अंगरखा घालून ससा शेजारच्या घरात गेला. तिथे त्याला कुणी हटकलं नाही. बायकांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं, कुणाला काय होतंय ते मोकळेपणाने सांगितलं, पुरुषापुढे कधी सांगितलं नसतं तेही सांगितलं. त्या घरातल्या तिघीजणी वाचल्या.

मग त्याला रीत कळली. दार वाजवण्याआधी तो घर पाहायचा. बाजाराच्या बाजूला राहणाऱ्यांकडे तो तेलाची कावड खांद्यावर घेऊन तेलवाला म्हणून गेला, कारण तेलवाल्याला कुठलंही दार उघडतं. एका घरातली माणसं आजाराला ग्रहांचा कोप मानून खिडक्या बंद करून बसली होती, तिथे तो ज्योतिषी झाला आणि म्हणाला, “पूर्वेची खिडकी उघडा, रोग्याला स्वच्छ पाणी पाजा आणि ही पुडी तीन वेळा घ्या.” ज्याच्या घरी गेला त्याच्याकडून पैसा घेतला नाही. मागितलं ते फक्त पुढच्या दारासाठी एखादं वस्त्र. आणि घेतलेलं प्रत्येक वस्त्र काम झाल्यावर धुऊन, घडी करून ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर ठेवलं. शहर मोठं होतं, पाय पुरेनात, तेव्हा तो कधी घोड्यावर बसला, कधी हरणावर, तर कधी सिंहावर आणि वाघावरही. वेशीच्या आतली सगळी घरं झाली, मग बाहेरची झाली. साथ ओसरली.

शेवटचं काम उरलं होतं चिलखत परत करण्याचं. ससा देवळात आला तेव्हा म्हातारा पुजारी मूर्तीपाशी त्याची वाट पाहत बसला होता. बाहेर चौकात गर्दी जमली होती आणि वाद रंगला होता. कुणी म्हणे वाचवणारा सरदार होता, कुणी म्हणे छे, तो तर आमचा तेलवाला. बायका म्हणत होत्या, ती निळ्या अंगरख्यातली पोर होती, आम्ही तिच्याशी बोललोय.

पुजारी म्हणाला, “ऐकलंस ना? सगळं शहर वाचलं आणि तुझा चेहरा कुणालाच माहीत नाही. एकदा बाहेर जा, खऱ्या रूपात उभा राहा. लोक तुझं देऊळ बांधतील.”

सशाने चिलखताचे बंद सोडले, एकेक पट्टा पुसून ते मूर्तीला चढवलं आणि मग म्हणाला, “बाबा, खऱ्या रूपात मी एकदा गेलो होतो. त्या रात्री एका घरातली सून गेली.”

आणि तो चंद्रावर निघून गेला.

चौकातला वाद मिटला तो म्हातारीच्या नातवामुळे. तो म्हणाला, “कपडे कसलेही असोत, कान लांब होते. मी पाहिलेत.” मग एकेकाला आठवू लागलं. तेलवाल्याच्या टोपीखाली काहीतरी हलत होतं. ज्योतिष्याचा वरचा ओठ मधोमध चिरलेला होता. लोकांनी वर चंद्राकडे पाहिलं आणि त्यांना उमजलं. पुढच्या वर्षी पौर्णिमेला गल्लीतल्या खेळणी करणाऱ्याने माती मळली आणि सशाच्या मूर्ती केल्या. कुणी चिलखतातली मागितली, कुणी तेलवाल्याच्या वेशातली, कुणी बाईच्या कपड्यांतली. त्याने सगळ्या केल्या. सगळ्यांचा तोंडवळा मात्र सशाचा ठेवला आणि कान उभे.

इथे कथा संपते. तिचे पाठ अनेक आहेत. पांढऱ्या कपड्यांमुळे बंद झालेली दारं, देवळातलं उसनं चिलखत, पैशांऐवजी मागितलेले कपडे आणि हरणा-वाघांची स्वारी हा तिचा जुना सांगाडा. म्हातारी, तिचा नातू आणि पुजारी ही मी घातलेली भर. लोककथा सांगणाऱ्याला तेवढी मुभा असते.

मातीची मूर्ती मात्र खरी आहे. पेइचिंगमध्ये तिला तू-अर-ये म्हणतात. आपल्याकडे ससेबुवा म्हणावं, तसा आदर आणि लाड त्या नावात एकत्र आहेत. मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजधानीतली मुलं माणसासारखा पोशाख केलेल्या मातीच्या सशाची पूजा करत असल्याची नोंद आहे. छिंग राजवटीत आठवा महिना लागला की बाजारात पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर लहानमोठे शेकडो ससेबुवा विकायला ठेवलेले असत. सोनेरी शिरस्त्राण, रंगीत चिलखत, पाठीला खोचलेला कागदी झेंडा, हातात बत्ता, खाली वाघ नाहीतर हरीण. काहींच्या आत दोरी असे, ती ओढली की ससेबुवा ओठ हलवत. पौर्णिमेला घरातल्या बायका चंद्राची पूजा करत आणि मुलं या सशाची. सशाला आवडतात म्हणून हिरव्या सोयाबीनच्या शेंगांच्या फांद्या त्याच्यापुढे ठेवत. पूजा झाली की तीच मूर्ती मुलांना खेळायला मिळे आणि खेळताखेळता फुटून जाई. पुढच्या वर्षी नवी. हा सण बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो आणि अधूनमधून कोजागरीला. 2025मध्ये 6 ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री होते.

चंद्रावरच्या सशाचं मराठी वाचकाला नवल नाही. आपल्याला तो बौद्ध जातककथांमधल्या शशजातकातून ओळखीचा आहे. भुकेल्या ब्राह्मणाच्या वेशात आलेल्या शक्राला, म्हणजे इंद्राला, देण्यासारखं काही नव्हतं म्हणून जो स्वतः आगीत उडी घेतो, तो हा ससा. त्याच्या त्यागाची आठवण राहावी म्हणून शक्राने चंद्रावर त्याची आकृती रेखली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू ह्युएनत्संग याने वाराणसीच्या परिसरात हीच कथा ऐकली आणि आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. हाच ह्युएनत्संग पुढे पुलकेशी राजाच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. अर्थात चीनमध्ये चंद्रावरचा ससा त्याहूनही जुना आहे. हुनान प्रांतात चांग्शाजवळ मावांगत्वी इथे 1972मध्ये उत्खनन झालेल्या थडग्यात एक रंगवलेलं रेशमी वस्त्र सापडलं. ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं आहे, आणि त्यावर चंद्रकोरीपाशी बेडूक आणि ससा आहेत.

या दोन सशांची शिकवण मी अनेकदा शेजारी ठेवून पाहतो. जातकातला ससा देह देतो. ते फार मोठं दान आहे आणि ते आयुष्यात एकदाच देता येतं. पेइचिंगचा ससा देह देत नाही, तो आपल्या रूपाचा हट्ट सोडतो. हे दान त्याला दर रात्री, दर दाराशी नव्याने द्यावं लागतं. पहिल्याला आपण नमस्कार करतो. दुसऱ्याचं अनुकरण करणं आपल्या हातात आहे आणि तरीही ते आपल्याला जड जातं, कारण त्यात आपलं कौतुक होण्याची सोय नाही.

ही नुसती कथेतली गोष्ट नाही. 1910च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येला मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. तिने सुमारे 60,000 माणसं नेली. हार्बिन शहरात ती आटोक्यात आणण्याची जबाबदारी डॉ. वू ल्येन-तेह या पेनांगमध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या तरुण डॉक्टरवर आली. हा रोग श्वासातून पसरतो हे त्यांनी ओळखलं आणि जाळीच्या कापडात कापूस घालून केलेले मास्क वापरायला लावले. घरंही निर्जंतुक करायची होती. जानेवारी 1911च्या शेवटी चिनी नववर्ष आलं. सणाला फटाके उडवले की अशुभ पळून जातं, अशी लोकांची श्रद्धा. वू यांनी ती मोडीत काढायला व्याख्यानं दिली नाहीत. या वर्षी फटाके अंगणात न उडवता घरात उडवा, असं त्यांनी पत्रकं वाटून सांगितलं. लोकांनी आनंदाने ऐकलं, कारण सांगणारा त्यांच्या सणात सामील झाला होता. फटाक्यांच्या धुरातला गंधक घर निर्जंतुक करील, हा हिशोब डॉक्टरांचा. केंब्रिजच्या पदवीने या माणसाला लोकांचा वेश घालण्याची लाज शिकवली नव्हती.

आपल्या पुण्याने याची उलट बाजू पाहिली आहे. 1894 साली हाँगकाँगमध्ये थैमान घालणारा गाठीचा प्लेग 1896मध्ये मुंबईत पोहोचला आणि मागोमाग पुण्यात. रोग्यांना वेगळं ठेवणं, घरं स्वच्छ करणं याची गरज खरी होती. पण ती गरज पुणेकरांच्या घरात शिरली ती गोऱ्या सोजिरांचे बूट घालून. देवघरापर्यंत झडत्या झाल्या, बायकांची विटंबना झाली, सामान रस्त्यावर आलं. लोक रोगापेक्षा उपायाला जास्त भ्याले आणि रोगी लपवू लागले. ज्या घरापर्यंत मदत सर्वांत आधी जायला हवी होती, त्याच घराने दाराला आतून कडी घातली. त्याच साथीत पुण्याजवळच, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा करत होत्या. त्यांना पाहून कुणी रोगी लपवला नसता. त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचं निधन झालं.

या कथेचं सार एका वाक्यात सांगायचं तर, मदत घेणाऱ्याच्या मापाने शिवावी लागते. औषध खरं आहे, हेतू शुद्ध आहे, एवढ्याने देणाऱ्याचं काम संपत नाही. औषध समोरच्याच्या ओठांपर्यंत पोहोचत नाही तोवर ते झोळीतच आहे, आणि झोळीतल्या औषधाने कुणी बरं झालेलं नाही. दार लावून घेणाऱ्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण त्या दारावर काय चिकटवलंय, आतल्या माणसाला कशाची भीती वाटते, कोणाच्या हातचं तो घेईल, हे वाचण्याची जबाबदारी बाहेर उभ्या असलेल्याची आहे, कारण ताप त्याला नाही, आतल्याला आहे.

आपण सगळे कधी ना कधी औषधाची झोळी घेऊन कुणाच्या तरी दाराशी उभे असतो. शिक्षक वर्गात, डॉक्टर तपासणीच्या खोलीत, कार्यकर्ता वस्तीवर, मुलगा म्हाताऱ्या वडिलांच्या खाटेपाशी. आणि ऐकलं गेलं नाही की आपण पहिल्या रात्रीच्या त्या सशासारखे पायरीवर जाऊन बसतो, आपल्या खरेपणाला कवटाळून. तिथून उठा. वडील तुमचं ऐकत नसतील तर त्यांच्या मित्राकडून सांगून पाहा. मुलांना पुस्तकातलं कळत नसेल तर त्यांच्या खेळातलं उदाहरण घ्या. वस्तीतल्या बाईला तुमची भाषा परकी वाटत असेल तर तिच्या शेजारणीला सोबत न्या आणि श्रेय शेजारणीला मिळू द्या. सत्य बदलू नका, औषधात भेसळ करू नका. कपडे मात्र खुशाल बदला आणि काम झालं की ज्याचे त्याला परत करा.